गच्चीवरचा सागवानी डेक: पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, तेल की काहीच नको? (बडोदे)

अलकापुरीकर
१२ ऑक्टोबर, सकाळी १०:२५

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आमच्या घराच्या पहिल्या मजल्यावर मोकळी गच्ची आहे आणि तिच्यावर साधारण २२० चौरस फुटांचा लाकडी डेक. घर घेतलं तेव्हापासून तो आहेच. आधीच्या मालकांनी लोखंडी चौकोनी पाइपची चौकट करून तिच्यावर सागवानी फळ्या बसवल्या होत्या. वर छप्पर नाही. दिवसभर ऊन आणि पावसाळ्यात पाणी थेट अंगावर.

यंदाचा पाऊस ओसरल्यावर कुंड्या हलवून नीट पाहिलं. बऱ्याच फळ्या राखाडी पडल्यात. जुन्या पॉलिशचे पापुद्रे सुटलेत, नखाने धरून ओढले की लांबच लांब निघतात आणि खालचं लाकूड काळपट दिसतं. प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग आहे तो वेगळाच.

दोन पॉलिशवाले येऊन बघून गेले. पहिला म्हणाला, "घासून पीयूचे तीन हात मारतो, आरशासारखं चमकेल, पाच वर्षं बघायला नको." दुसरा म्हणाला पीयू अजिबात नको, तेल लावा, पण दर वर्षी लावावं लागेल. पहिल्याचा दर बराच जास्त आहे, तरी 'पाच वर्षं' ऐकून घरातली मतं तिकडे झुकलीत.

१४ जानेवारीच्या आत काम व्हायला हवं. उत्तरायणाला अख्खं खानदान आमच्या गच्चीवर असतं, पोरं अनवाणी पळतात, कुणाच्या पायात कुसळ जायला नको. ज्यांनी उघड्यावरचं लाकूड सांभाळलंय त्यांचे अनुभव हवेत.

मांडवीचा_मुलगा
१२ ऑक्टोबर, सकाळी १०:५१

तेल.

रंधा
१२ ऑक्टोबर, दुपारी १:१०

माझंही मत तेलालाच, पण कारणासकट लिहितो, म्हणजे घरच्यांना वाचून दाखवता येईल.

पीयू, व्हार्निश, मेलामाइन ही सगळी लाकडाच्या वर थर धरणारी मंडळी. घरातल्या टेबलाला उत्तम. उघड्यावरची फळी मात्र सतत फुगते आणि आक्रसते. पावसाळ्यात पाणी पिऊन रुंदीला वाढते, मे महिन्यात ४२-४३ अंशांत आवळून येते. वरचा थर तितका ताणला जात नाही, मग त्याला केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आत जातं आणि थराखाली अडकून बसतं. तुमच्या पापुद्र्याखालचं काळपट लाकूड म्हणजे तेच. आणि दुरुस्तीला पुढच्या वेळी आधी तो सगळा थर खरवडून काढावा लागतो, मजुरी त्यातच जाते. तेल लाकडात मुरतं, वर थर धरत नाही, त्यामुळे सोलून निघायला काही उरतच नाही. फिकं पडतं, तेव्हा धुवायचं, वाळवायचं, हलका कागद फिरवायचा आणि पुन्हा लावायचं.

राखाडी रंगाला घाबरू नका. उन्हातली अतिनील किरणं लाकडातलं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, मागे राखाडी तंतू उरतात. हा सगळा प्रकार अगदी वरच्या पातळ थरात चालतो. घासलं की खाली पिवळसर-तपकिरी साग तसाच असतो.

एक खात्री आधी करून घ्या. फळ्या सागाच्या गाभ्याच्या आहेत की कडेच्या पांढऱ्या लाकडाच्या? गाभा टिकतो. कडेचं फिकं लाकूड साग असूनही लवकर कुजतं, त्याला वाळवीही लागते. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. मऊ लागली ती फळी बदला, तिच्यावर पॉलिश किंवा तेल दोन्ही वाया.

शमा_वासणा
१२ ऑक्टोबर, दुपारी ४:३६

रंधा, इतकं सरसकट नका हो म्हणू. आमच्या मुख्य दरवाजाला बाहेरून पीयू आहे, वासणा रोडला भर पश्चिमेचं ऊन, तरी बरीच वर्षं छान टिकलंय. चांगला कारागीर आणि बाहेरच्या वापराचा माल असेल तर पीयू वाईट नाही. स्वस्तातलं आतलं पीयू बाहेर मारलं की बदनामी सगळ्याच पीयूची होते.

रंधा
१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०२

शमाताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तुमचा दरवाजा टिकणारच. तो उभा आहे, त्याच्यावर पाणी थांबत नाही, कुणी चालत नाही, आणि बहुतेक वर छज्जाही असेल. डेक आडवा असतो. पाणी साचतं, वाळूचे कण चपलेखाली घासले जातात, खुर्च्या ओढल्या जातात. दरवाजाला पीयू मीही लावेन. डेकला नाही.

शमा_वासणा
१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

छज्जा आहे खरा. आडव्या-उभ्याचं पटलं.

सराफा_इंदूर
१२ ऑक्टोबर, रात्री ९:४८

इंदूरहून लिहितोय. आमच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. शतकभराहून जास्त काळ ते लाकूड ऊन-पावसात उभं होतं, १९८४च्या आगीत मोठा भाग गेला, पण पाण्याने नव्हे, आगीने. जुन्या वाड्यांना कुठे दर वर्षी कुणी तेल पाजत होतं? साग आहे ना, राखाडी होऊ द्या की. मला तर तो रंग आवडतो. माझ्या मते नुसता झाडा, पाणी साचू देऊ नका, बाकी काही लावू नका.

दांडियाबाजार
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

सराफा दादा, राजवाड्याचं नाव निघालं की आम्हा बडोदेकरांना तांबेकरांचा वाडा आठवतो. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या तांबेकरांचा हा चौमजली वाडा, आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. लोक आतली भित्तिचित्रं बघायला जातात. मी दर वेळी त्याचं लाकूडकाम बघत बसतो. अलकापुरीकर, तुम्हीही एकदा जाऊन या, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे उभं आहे.

त्या काळच्या सुतारांनी लाकूड पाण्यापासून लांब ठेवलं होतं. खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. छपराच्या वळचणी पुढे आलेल्या, म्हणजे पावळीचं पाणी भिंतीपासून दूर पडतं. उघडं लाकूड बहुतेक उभं किंवा तिरकं. सपाट फळ्या आभाळाखाली अंथरून ठेवायची पद्धतच नव्हती. वाड्याचं लाकूड टिकलं ते या रचनेमुळे, तेव्हा त्याचा दाखला उघड्या डेकला लावता येणार नाही.

राखाडी ठेवण्याच्या कल्पनेला माझा विरोध नाही. पण न तेलवलेल्या सागाला वरून बारीक चिरा पडतात, तंतू उभे राहतात, आणि त्यांच्या घरी पोरं अनवाणी पळणार आहेत.

सराफा_इंदूर
१३ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

तळखड्याचा मुद्दा लक्षात आला नव्हता. पोरांसाठी तेल लावा मग.

बर्फातला_बडोदेकर
१३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

टोरांटोहून. इथे घरोघरी डेक असतात, बहुतेक रसायनात मुरवलेल्या पाइनचे किंवा सीडरचे. हिवाळ्यात पाणी गोठून लाकूड फाडतं, तुमच्याकडे तो त्रास नाही, पण ऊन तुमचं कितीतरी कडक.

इथली एक शिकवण उपयोगी पडेल: रंगद्रव्य असलेलं तेल घ्या. बिनरंगी तेल पाणी अडवतं, ऊन फारसं अडवत नाही, त्यामुळे लाकूड लवकर पुन्हा राखाडी होतं. तेलातले रंगाचे कण ऊन अडवतात. फार गडद छटाही नको, दुपारी पाय भाजतात. मध्यम सागवानी छटा घ्या.

दुसरं, पॉलिशवाला प्रेशर वॉशर घेऊन आला तर जवळून फवारू देऊ नका. मऊ तंतू उडतात, फळीवर लव उभी राहते. मऊ ब्रश, पाणी आणि सोडियम परकार्बोनेटचा क्लीनर पुरे. फरशीचं ब्लीच ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने तंतू कमजोर होतात.

हरणीवाली_मेधा
१३ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

तेल-पॉलिश दोन्ही सोडा आणि डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या फळ्या) बसवा असं मी म्हणेन! आमचा अंगणातला लाकडी डेक ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्रीच्या पाण्याखाली होता. पाणी उतरलं तेव्हा फळ्यांच्या फटींत गाळ घट्ट बसलेला, वास जाता जाईना, आणि खालची चौकट साध्या लाकडाची असल्यामुळे फुगून वाकडी झाली. नवीन करताना लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकच्या मिश्रणाचा डेक केला. पाइप मारला की स्वच्छ.

खरं ते सगळं सांगते. उन्हाळ्यात दुपारी त्याच्यावर पाय ठेववत नाही. उष्णतेने लांबीला वाढतो म्हणून टोकांना फट सोडावी लागते. ओरखडा पडला तर घासून काढता येत नाही. आणि सागावर अनवाणी चालण्याचं सुख त्यात नाही, ते मला अजून आठवतं. तुमचा पहिल्या मजल्यावर आहे, पुराची भीती नाही. चांगला साग असेल तर मोडू नका.

फिरकी_पकड
१३ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

काम १४ जानेवारीच्या आत नाही झालं तर काळजी करू नका, त्या दिवशी उंधियूच्या ताटांतून डेकला पहिला हात आपोआप मिळेल.

मांडवीचा_मुलगा
१३ ऑक्टोबर, दुपारी १२:०९

आणि जिलबीच्या पाकाने वरून पीयू!

रंधा
१३ ऑक्टोबर, दुपारी १२:४४

हसलो मनापासून. पण ज्यांच्याकडे खरंच पंगत होते त्यांच्यासाठी: खाण्याचं तेल लाकडात वाळत नाही, चिकट राहतं आणि त्याच्यावर बुरशी धरते. सांडलं की लगेच टिपायचं, कोमट साबणपाण्याने पुसायचं. खायचे तेल आणि लाकडाचं तेल एकमेकांच्या जागी चालत नाही.

अलकापुरीकर
१३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

किती मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. स्क्रूड्रायव्हर दाबून पाहिला. पायऱ्यांजवळच्या तीन फळ्या मऊ आहेत, बाकी कडक. स्क्रूभोवतीच्या काळ्या डागांचं काय? पॉलिशवाला म्हणतो घासून निघतील. मी एका ठिकाणी घासून पाहिलं, डाग खोल गेलेला दिसतो.

नंदेसरी_निवृत्त
१३ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आयुष्य रसायनांत गेलं, म्हणून हा प्रश्न माझा.

सागातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली, त्यात पाणी मिळालं की काळा क्षार तयार होतो. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर बनायची. तुमचे स्क्रू साधे लोखंडी किंवा उडालेल्या मुलाम्याचे असणार. आधी ते सगळे काढून स्टेनलेसचे घाला, ३०४ ग्रेडचे पुरेत. स्क्रू तेच ठेवले तर डाग पुन्हा येतील.

डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल. रसायनांच्या दुकानात पांढरी पूड मिळते. लिटरभर कोमट पाण्यात ८० ते १०० ग्रॅम विरघळवा, प्लास्टिकच्या भांड्यात. ओल्या फळीवर ब्रशने लावा. डागाभोवतीच ठिपके लावत बसू नका, पूर्ण फळीला लावा, नाहीतर फिकट वर्तुळं उठतात. पंधरा-वीस मिनिटांत काळा रंग डोळ्यांदेखत तपकिरीकडे जातो, बघण्यासारखं असतं ते. मग भरपूर पाण्याने धुवा. हे विषारी आहे: रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलं आणि कुत्रं-मांजर खाली ठेवा, पाणी तुळशीच्या कुंडीत जाऊ देऊ नका. आणि ती पूड वाळून फळीवर राहिली तर घासताना नाकात जाते, म्हणून धुण्यात कसर नको.

सगळेच काळे डाग लोखंडाचे नसतात. कुंडीखालचे गोल डाग बहुधा बुरशीचे. ते परकार्बोनेटने जातील.

अगाशी
१४ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

मी साइटवर देखरेखीची कामं करते, दर महिन्याला पॉलिशवाल्यांशी गाठ. माणूस कसा निवडायचा यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दर चौरस फुटाला किती, हा पहिला प्रश्न करू नका. पहिला प्रश्न: "काम कधी सुरू करू शकाल?" 'उद्या' म्हणाला तर थांबा. पाऊस गेला तरी लाकडाच्या पोटात ओल असते. चांगला कारागीर बोट फिरवून, पाण्याचे चार थेंब टाकून बघतो. थेंब मिनिटाभरात मुरले तर फळी तेल घेईल. तसेच मोत्यासारखे उभे राहिले तर जुनं पॉलिश अजून आत आहे किंवा लाकूड भरलेलं आहे. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, १५ टक्क्यांच्या खाली आल्यावर तेल लावायचं.

दुसरं, नमुना. कोपऱ्यातल्या दोन फळ्या पूर्ण करून दाखवायला सांगा, घासण्यापासून शेवटच्या हातापर्यंत, आणि त्यावर आठवडाभर चाला, पाणी टाका. याला जो नाखूश असतो त्याला काम देऊ नका. तुमच्या पहिल्या माणसाचं 'पाच वर्षं बघायला नको' हे वाक्य लिहून मागा. बहुतेक वेळा तिथेच बोलणं बदलतं.

कागदावर हे हवं: जुना थर पूर्ण काढणार की वरवर, कोणत्या नंबरचा कागद, कोणतं तेल, किती हात, दोन हातांत किती वेळ, भिंती आणि कुंड्या झाकणं कुणाकडे. डबे तुमच्यासमोर फोडले पाहिजेत. मी एका साइटवर महागड्या तेलाच्या डब्यात टर्पेंटाइन घातलेलं पातळ पाणी पाहिलंय, वास घेतल्याबरोबर कळलं. पैसे टप्प्यांनी: माल आल्यावर काही, घासून झाल्यावर काही, बाकी काम संपल्यावर.

घासताना ६० नंबरने सुरुवात, ८०वर थांबा. १८०-२२०पर्यंत गुळगुळीत केलं की पॉलिशवाले खूश होतात, पण फळीची तोंडं मिटतात आणि तेल आत जात नाही. ८०ला हात फिरवून कुसळं तेवढी बघा.

दुसरा माणूस, जो स्वतःहून 'दर वर्षी लावावं लागेल' म्हणाला, तो मला इथूनच आवडलाय. नुकसानीचं खरं आधी सांगणारा कारागीर सोडू नये.

शमा_वासणा
१४ ऑक्टोबर, सकाळी ८:२२

अगाशी, हा प्रतिसाद मी साठवून ठेवला. दरवाजाच्या वेळी उपयोगी पडेल.

कमाटीबाग_आजी
१४ ऑक्टोबर, दुपारी ३:१८

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी दारं-खिडक्या आणि झोपाळ्याची फळी बेलतेलाने पुसायचे. अळशीचं उकळलेलं तेल, रंगवाल्याकडे अजून मिळतं. जुन्या धोतराचा बोळा करून वडील स्वतः लावायचे, घरभर वास दरवळायचा. एवढी परदेशी तेलं कशाला बाळांनो? बेलतेल स्वस्त आणि आपलं.

रंधा
१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

आजी, झोपाळ्याला आणि घरातल्या दारांना बेलतेलासारखं दुसरं काही नाही, मी स्वतः तेच वापरतो. उघड्या डेकवर मात्र नुसतं बेलतेल हळू वाळतं, धूळ धरतं, आणि पावसाळ्यात बुरशीला ते खाद्य मिळतं, मग फळ्या काळ्या पडतात. डेकसाठीच्या तेलांचा पाया बहुधा अशाच तेलांचा असतो, त्यात बुरशीविरोधी द्रव्य आणि रंगद्रव्य मिसळलेलं असतं. फरक तेवढाच.

तुम्ही धोतराच्या बोळ्याचं लिहिलंत म्हणून एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट, सगळ्यांनी वाचा. अळशीचं तेल किंवा त्यावर आधारलेलं डेकतेल लागलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. गोळा केलेल्या फडक्यांत ती कोंडते आणि आगपेटी न लावता फडकी पेटतात. फडकी एकेक पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. कारागिरांना हे तोंडी सांगा आणि संध्याकाळी ते गेल्यावर स्वतः बघून या.

कमाटीबाग_आजी
१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०५

वडील बोळे लगेच चुलीत टाकायचे. का ते आज कळलं. जिते रहो.

दांडियाबाजार
१४ ऑक्टोबर, रात्री ९:११

अलकापुरीकर, आणखी एक. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना विसरू नका. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. वरच्या बाजूला एक हात लागला तर टोकांना दोन-तीन वेळा, पिईल तेवढं तेल द्या. आणि फटी मोकळ्या करा. आसोपालवाची पानं आणि निंबोळ्या फटींत कुजून ओल धरतात. जुनी करवतीची पाती फिरवली की निघतात.

अलकापुरीकर
२३ नोव्हेंबर, सायंकाळी ५:५०

उशिरा लिहितोय, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

तेलवाल्याला काम दिलं. पहिल्याला 'पाच वर्षं' लिहून मागितलं, त्याने फोन उचलणं बंद केलं. तेलवाल्याने नमुन्याच्या दोन फळ्यांना स्वतःहून होकार दिला, वर म्हणाला, "साहेब, दिवाळी होऊन जाऊ द्या, लाकडाला सुकू द्या." मऊ फळ्या बदलल्या. सगळे स्क्रू काढून स्टेनलेसचे घातले. लोखंडी चौकट उघडी पडली तेव्हा तिला गंज खरवडून लाल ऑक्साइड आणि वरून रंग दिला, आणि फळी बसते तिथे डांबरी पट्टी चिकटवली, म्हणजे साग आणि लोखंड एकमेकांना लागणार नाहीत. ही कल्पना त्याचीच.

ऑक्झॅलिकचं काम मी नंदेसरी काकांनी सांगितलं तसं केलं. डाग जाताना खरंच डोळ्यांदेखत जातात.

तेल लावताना त्याची पद्धत बघत राहिलो. सकाळी दव वाळल्यावर सुरू, ऊन चढलं की बंद, पुन्हा चारनंतर. दोन-तीन फळ्या घ्यायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात संपवायच्या, मध्येच थांबलं की सांधा दिसतो. पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. मला वाटलं होतं जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण. तो म्हणाला, "पिलं तेवढं लाकडाचं, उरलं ते चिकट." फडकी दोरीवर वाळत घालून मगच तो घरी जायचा.

रंग मधाळ तपकिरी आलाय. काचेसारखी चमक नाही आणि आता ती हवीशीही वाटत नाही. सागाचे पट्टे दिसतात.

अगाशी
२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

डांबरी पट्टी स्वतःहून सुचवणारा माणूस! मला त्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, साइट लागलीये.

हरणीवाली_मेधा
२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१२

मलाही. वरच्या बाल्कनीत साग करायचा विचार पुन्हा सुरू झालाय. अलकापुरीकर, कुंड्या परत ठेवल्यात का? आणि सतरंजी कधी अंथरता येईल?

रंधा
२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

चालायला एक-दोन दिवसांत हरकत नसते, पण तेल पूर्ण पक्कं व्हायला आठवडा-दोन आठवडे द्या, थंडीत जरा जास्तच. तोवर सतरंजी नको, हवा लागत नाही. कुंड्यांखाली पाय असलेले स्टँड ठेवा, खालून वारा फिरला पाहिजे. थेंबांची परीक्षा होळीच्या सुमारास एकदा करा. मुरायला लागले तर उन्हाळ्याआधी एक पातळ हात, नाहीतर थेट पुढच्या दिवाळीनंतर.

अलकापुरीकर
२३ नोव्हेंबर, रात्री ८:०५

कुंड्या अजून खालीच आहेत, स्टँड उद्या आणतो. दोघींना नंबर पाठवला आहे. तो डिसेंबरभर भरलेला आहे म्हणाला, लवकर फोन करा.